हापशाचं लाल तोंड

(दृश्य : बांगलादेशातल्या खेड्यातलं एक अंगण. हापशाच्या दांड्याचा खडखडाट.)

या हापशाच्या तोंडाला लाल रंग फासलाय. भांडी घासा, अंघोळ करा, पण हे पाणी पिऊ नका, असा त्याचा अर्थ. शेजारच्या अंगणातला हापसा हिरवा आहे. म्हणून ही बाई कळशी घेऊन तिकडे निघालीये.

दोन्ही पाणी डोळ्यांना सारखंच. वास नाही, चव नाही. उकळून काही उपयोग नाही. पाणी आटतं, विष मात्र तेवढंच उरतं. ते विष म्हणजे आर्सेनिक. आपल्याकडचे जुने वैद्य सोमल म्हणत, तो त्याचाच एक प्रकार.

(दृश्य : शेवाळलेलं तळं.)

पूर्वी इथली माणसं तळ्याचं पाणी पीत आणि पटकीनं, हगवणीनं मुलं दगावत. 1970च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं गावोगाव हापसे बसू लागले. जमिनीखालचं पाणी जंतूंपासून सुरक्षित, हा हिशोब बरोबरच होता. पण त्यात आर्सेनिक असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

1983 साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतले रुग्ण आले. छातीवर काळे ठिपके, तळहाता-तळपायांवर टणक गाठी. ही आर्सेनिकचीच लक्षणं, पण महारोग समजून लोक अशांपासून लांब बसत. बांगलादेशातल्या चापाई नवाबगंजच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं ते आणखी दहा वर्षांनी, 1993 साली.

(दृश्य : गंगेचं गढूळ पात्र.)

यात कुठल्या कारखान्याचा हात नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाचे कण असतात आणि त्यांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. खोल गाडलेल्या, हवा न पोचणाऱ्या गाळात जिवाणू कुजका पाला-काडी खातात आणि त्या ओघात लोह विरघळवतात. लोह सुटलं की आर्सेनिकही सुटतं. हा गाळ सगळीकडे सारखा नाही, म्हणून एक हापसा लाल आणि शेजारचा हिरवा.

जागतिक आरोग्य संघटना एका लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगते. बांगलादेशानं 50 धरली. तरीही मोठ्या तपासणीत जवळपास 50 लाख हापशांपैकी सुमारे 14 लाख लाल निघाले.

(दृश्य : एकावर एक ठेवलेल्या दोन बादल्या.)

ज्या लोहानं आर्सेनिक सोडलं, तेच त्याला पुन्हा धरूही शकतं. मूळचे बांगलादेशातल्या कुष्टियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी यावरच सोनो फिल्टर उभा केला. वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि लोखंडाचा कीस. वीज लागत नाही. 2007 साली या फिल्टरला अमेरिकेतला ग्रेंजर पुरस्कार मिळाला. गावासाठी बसवलेले मोठे संच मात्र बऱ्याच ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत गंजून पडले. उद्घाटनाला सगळे येतात, गाळणी बदलायला कोण येणार? साधारण दीडशे मीटरच्या खाली गेलं की बहुतेक ठिकाणी पाणी चांगलं लागतं, पण तेवढं खोल बोअर एकट्या घराच्या खिशाला झेपत नाही.

(दृश्य : पाण्यानं भरलेलं भाताचं खाचर.)

आणि पाणी फक्त पोटात जातं असं नाही. उन्हाळी बोरो भाताला हेच पाणी सोडतात. साचलेल्या पाण्याखाली मातीतलं आर्सेनिक मोकळं होतं आणि भाताचं मूळ त्याला वाळूतल्या सिलिकासारखंच समजून आत घेतं. खाचर अधूनमधून सुकू दिलं, तर दाण्यात कमी उतरतं. स्वयंपाकघरात उपाय जुनाच : तांदळाच्या पाचसहापट पाणी घालून भात शिजवायचा आणि वेळून काढायचा. पाणी मात्र हिरव्या हापशाचं हवं, नाहीतर उलटंच व्हायचं.

(दृश्य : नवा कोरा हापसा.)

ती मोठी तपासणी झाली, त्याला आता बरीच वर्षं लोटली. रंग उडाले. त्यानंतर घरोघर नवे हापसे आले, स्वतःच्या पैशातून खोदलेले. हा त्यातलाच एक. याचं तोंड लालही नाही, हिरवंही नाही.

(शाळेतून आलेला मुलगा ओंजळ लावतो.)