सावळा रंग खरा की फासलेला? पडद्यावर असं ओळखा
गोरेपणाच्या वेडाची टर उडवणारा सिनेमा, आणि त्यातली काळी मुलगी कोण? मेकअपनं काळी केलेली भूमी पेडणेकर. ‘बाला’, २०१९. त्याच वर्षी ‘सुपर ३०’मध्ये हृतिक रोशन, त्याआधी २०१६ला ‘उडता पंजाब’मध्ये आलिया भट. गरीब किंवा बिहारी माणूस दाखवायचा म्हटलं, की आधी डबा उघडतो तो गडद फाउंडेशनचा.

हे पकडायचं कसं? क्लोजअपवर पॉज करा आणि चेहरा सोडून बाकीचं बघा. कानामागं, केसांच्या कडेला फाउंडेशन नीट बसत नाही, फिकी रेघ राहते. मग हात. सावळ्या माणसाचे तळवे फिके असतात, बोटांचे सांधे आणि कोपर गडद. फासलेला रंग मात्र सगळीकडे सारखा, भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखा. घामानं तो ओघळू नये म्हणून वर पावडर, आणि पावडर चकाकी घालवते. खरी सावळी त्वचा गालाच्या हाडावर उजेड धरते. फासलेला चेहरा राखाडी, सपाट दिसतो.

मग खरे सावळे नट का घेत नाही? यावर ठरलेलं उत्तर येतं: काळा चेहरा कॅमेऱ्यात उठून दिसत नाही हो! पांढऱ्या भिंतीपुढं उभं करून कॅमेरा ऑटोवर ठेवलात तर नाहीच दिसणार, तो भिंतीचा उजेड मोजतोय. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावरून ठरवा, पार्श्वभूमी गडद ठेवा. लाईट मोठा, मऊ आणि बाजूनं. शेजारी गोरा नट असला तर दोघांत दोन स्टॉपचासुद्धा फरक पडू शकतो, म्हणजे चौपट उजेडाचा. मग मुख्य लाईट सावळ्या नटाकडे सरकवा, गोऱ्याच्या बाजूला नेट, म्हणजे लाईटपुढं धरायची जाळी, लावून उजेड कापा. ‘मूनलाइट’ या अमेरिकन सिनेमात (२०१६) तर पावडर टाळून नटांच्या त्वचेला तेल लावलं होतं.

फिल्मच्या जमान्यात या सबबीत थोडं तथ्य होतं. लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं ‘शर्ली कार्ड’ असायचं, आणि त्यावर कित्येक वर्षं गोरीच बाई. आता फिल्मही गेली आणि सबबही.

राहतं कास्टिंग. ‘फँड्री’तल्या जब्यासाठी नागराज मंजुळेंनी सोमनाथ अवघडे घेतला, गावात हलगी वाजवणारा पोरगा. खलनायकाचा गुंड किंवा घरातली मोलकरीण शोधायची असते तेव्हा सावळे नट कास्टिंगवाल्यांनाही बरोबर सापडतात.