नगरसेवक चार, मग चेंबरचं झाकण कुणाचं?

[कॅमेऱ्यासमोर, मागे पुण्याचा प्रभागनिहाय नकाशा]

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या नगरसेवकाचं नाव काय? गूगल करायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं नाही. आणि पुण्यात राहत असाल तर एक नाव सांगून सुटका नाही. चार सांगायची आहेत.

१५ जानेवारी २०२६ ला आपण महापालिकेसाठी मतदान केलं तेव्हा अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबलं. पहिलंच बटण दाबून बाहेर निघालेल्या आजोबांना "अहो, अजून तीन राहिली" म्हणून मागे बोलवावं लागलं असेल, असं केंद्र शोधायला फार फिरावं लागणार नाही.

पुण्यात प्रभाग ४१ आणि नगरसेवक १६५. चाळीस प्रभागांत चार-चार, आणि आंबेगाव-कात्रजच्या एका प्रभागात चक्क पाच. २०११ ची जनगणना धरली तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी-नव्वद हजार माणसं येतात. आणि २०११ नंतर आंबेगावात, नऱ्हे-धायरीत किती इमारती उभ्या राहिल्या, ते रोज सकाळी सिंहगड रस्त्यावर अडकणाऱ्यांना मी काय सांगणार!

आता गंमत बघा.

[स्क्रीनवर: २००२ – तीन, २००७ – एक, २०१२ – दोन, २०१७ – चार]

२००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग. २००७ ला एकाचा वॉर्ड. २०१२ ला दोन. २०१७ ला चार. मग २०२१ मध्ये ठरलं की तीन. ५८ प्रभागांची, १७३ नगरसेवकांची रचनाही तयार झाली. २०२२ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि गाडी पुन्हा चारवर आली. भाडेकरूसुद्धा इतक्या वेळा घर बदलत नाही. बरं, यातली एकही रचना तुम्हाआम्हाला विचारून झालेली नाही. ते ठरतं राज्य सरकारच्या पातळीवर, आणि प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो. मुंबईत मात्र २२७ वॉर्ड, २२७ नगरसेवक, कारण मुंबई महापालिकेचा कायदाच वेगळा, १८८८ चा.

पक्षांना चारचं पॅनेल का आवडतं? एक तगडा उमेदवार उरलेल्या तिघांना ओढून नेतो, म्हणून. आणि स्वतःच्या चार गल्ल्यांत खरंच काम केलेल्या अपक्षाला नव्वद हजार लोकांपर्यंत पोचायचं म्हटलं तर घर गहाण ठेवावं लागेल. दुसरी बाजूही आहे, तीही सांगतो. महिलांना निम्मं आरक्षण असल्यामुळे चार सदस्यांच्या प्रत्येक प्रभागात किमान दोन नगरसेविका असतात. एकाच जागेच्या वॉर्डात दर वेळी सोडत निघते आणि पाच वर्षं राबलेल्या माणसाचा वॉर्डच कधी कधी आरक्षणात जातो. हा मुद्दा मला पटतो. तरी माझं मत चारच्या विरोधातच आहे. का, ते चेंबरच्या झाकणावरून सांगतो.

समजा, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण फुटलंय. तुम्ही 'अ'ला फोन करता. ते म्हणतात, तो भाग 'क' बघतात. 'क' म्हणतात, ड्रेनेजचं काम 'ब'च्या निधीतून चाललंय. 'ब' फोन उचलत नाहीत. 'ड' लग्नात. कायद्यात अशी वाटणी कुठेच नाही, चौघेही अख्ख्या प्रभागाचे. पण निवडून आल्यावर हे लोक आपापसांत भाग वाटून घेतात आणि ती वाटणी मतदाराला कुणी सांगत नाही.

याहून अवघड गोष्ट हद्दीवर घडते.

[नकाशावर ओढे आणि मोठे रस्ते ठळक]

प्रभागाची हद्द आखताना नदी, नाले, डोंगर, मोठे रस्ते यांचा आधार घेतात. नकाशावर ते बरोबरच दिसतं. पण नाला हीच हद्द झाली, तर या काठावर चार नगरसेवक, त्या काठावर चार. आठ जण! आणि नाल्याचा वाली? कुणीच नाही. या काठाच्या भिंतीला निधी मिळतो, त्या काठाच्या भिंतीला पुढच्या वर्षी, आणि मधला गाळ तसाच. ओढ्याला तर प्रभाग कळत नाही. आंबिल ओढा कात्रजकडून निघतो आणि थेट मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीपासून दांडेकर पुलापर्यंत लोकांच्या घरांत पाणी घुसलं, माणसं गेली. वर कात्रजला कुणी ओढ्याचं पात्र अरुंद केलं, तर त्याचा हिशेब खालच्या वस्तीला भरावा लागतो. आणि खालच्या वस्तीचा मतदार वरच्या प्रभागातल्या नगरसेवकाला पाडू शकत नाही. शहर नियोजन आणि मतदान यांची गाठ इथे सुटते.

मधली चार वर्षं तर नगरसेवकच नव्हते. १५ मार्च २०२२ पासून प्रशासक. अंदाजपत्रक मांडणारा आयुक्त, मंजूर करणाराही तोच. राज्यघटना सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयानेच 'निवडणुका घ्या' म्हणून बजावलं, तेव्हा कुठे हालचाल झाली.

मग आपण करायचं काय? फोन कमी करा, कागद वाढवा. क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्याची प्रत चौघांनाही पाठवा. चौघांना एकदम, एकाच कागदावर चारही नावं लिहून! मग 'क' बघतात म्हणायला कुणाला जागा उरत नाही. तुमचा प्रश्न हद्दीवरचा असेल तर आठही नावं लिहा.

दुसरं, पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. पाच लाखांपर्यंतचं काम: पदपथ, दिवे, बाकडी, बसथांबा. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतात. गणपतीच्या गडबडीत ही तारीख हमखास निसटते, म्हणून आत्ताच कॅलेंडरवर खूण करा.

आणि मतदार यादी. राज्य निवडणूक आयोग महापालिकेसाठी वेगळी यादी बनवत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो, त्यात नवं नाव घालत नाही. त्यामुळे घर बदललंय, कसब्यातून बाणेरला आलाय, तर फॉर्म ८ आत्ता भरायचा. प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. जानेवारीत केंद्रावर जाऊन नाव न सापडलेले किती जण परत आले, ते तुमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर विचारून बघा.

चला, आता कमेंटमध्ये तुमच्या चारही नगरसेवकांची नावं लिहा. दोनच आठवली तर दोनच लिहा, मी कुणाला हसणार नाही. मला स्वतःला हा व्हिडिओ करायला बसलो तेव्हा तीनच आठवली होती.