तोदा आजीची नातीगोती

मंडळी, सांचो पहिला हे नाव काढलं की स्पेनमध्ये लोकांना एकच गोष्ट आठवते: लठ्ठ राजा. 'एल क्रासो' हे टोपणनावच त्याला चिकटलं. घोड्यावर बसता येईना म्हणून सरदारांनी त्याला गादीवरून खाली ओढलं, अशी कथा सांगतात. मला मात्र आज त्याच्या पोटाविषयी नाही, त्याच्या घराविषयी बोलायचंय. उत्तर स्पेनमधल्या लिओनवरचं हे राज्य, ९५६ ते ९६६, मधली दोन वर्षं वजा करून, नात्यांतूनच उलगडतं. आणि ती नाती सांगायला आपल्या मराठीत नेमके शब्द आहेत.

सांचोचे वडील रामिरो दुसरा. आई उर्राका, शेजारच्या पाम्प्लोना राज्याची राजकन्या, आणि तिची आई तोदा. या तोदाने आपल्या मुली कुठे कुठे दिल्या ते पाहा. उर्राका रामिरोला. दुसरी लेक रामिरोच्याच थोरल्या भावाला, चौथ्या अल्फोन्सोला. तिसरी, सांचा, शेवटी कास्तिय प्रांताचा सरदार फर्नान गोन्सालेस याच्या घरात गेली.

अल्फोन्सोने ९३१ मध्ये राज्य सोडून मठाची वाट धरली, मग मन बदललं आणि तो परत आला. रामिरोने भावाला पकडून त्याचे डोळे काढले. त्या आंधळ्या राजाचा मुलगा ओर्दोन्यो. म्हणजे सांचोचा सख्खा चुलतभाऊ, आणि बहुतेक इतिहासकारांच्या मते मावसभाऊही.

आता ९५८ साल. सांचोविरुद्ध फौजेत कट झाला आणि ओर्दोन्यो चौथा गादीवर आला. त्याला बसवणारा फर्नान गोन्सालेस, सांचोच्या मावशीचा नवरा. त्याने ओर्दोन्योला आपली मुलगीही दिली, जी आधी सांचोच्या सावत्रभावाची, तिसऱ्या ओर्दोन्योची, राणी होती! आजीच्या बाजूने बघा: एका नातवाला उठवून दुसऱ्या नातवाला बसवलं, आणि बसवणारा जावई. अनेक वर्षं सोयरिकी जुळवून उभं केलेलं घर, आणि भांडण त्याच्या माजघरातच पेटलं.

सांचो पाम्प्लोनाला, आजोळी पळाला. आजीने मदत मागितली ती थेट दक्षिण स्पेनच्या मुस्लिम सत्ताधीशाकडे, कोर्दोबाच्या खलिफाकडे, तिसऱ्या अब्द अर-रहमानकडे. हाच खलिफा ९३९ मध्ये सिमान्कासच्या लढाईत रामिरोकडून हरला होता आणि जीव वाचवून पळताना त्याचं कुराण मागे राहिलं होतं. त्या रामिरोचा मुलगा त्याच्या दारी कसा जाणार?

गेला, कारण तिथेही नातं होतं. तोदाची आई ओनेका आधी कोर्दोबाच्या अमीर अब्दुल्लाची पत्नी होती. त्यांचा मुलगा मुहम्मद, आणि मुहम्मदचा मुलगा हा खलिफा. रोडाच्या जुन्या लॅटिन हस्तलिखितातल्या वंशावळींत हे नोंदलेलं आहे. म्हणजे तोदा खलिफाची कोण? आत्या! सख्खी नव्हे, पण एकाच आईच्या पोटची बहीण वडिलांची.

खलिफाने आपला वैद्य आणि मुत्सद्दी, ज्यू विद्वान हसदाई इब्न शापरुत, पाम्प्लोनाला पाठवला. अट एकच: उपचार कोर्दोबात होतील, तुम्ही स्वतः यायचं. सत्तरी उलटलेली आजी, तिचा मुलगा राजा गार्सिया, म्हणजे सांचोचा मामा, आणि नातू, अशी तिघं जवळजवळ सारा देश ओलांडून दक्षिणेला गेली. वाटेत त्यांना ज्या गावांतून जावं लागलं असेल, तिथल्या लोकांनी काय पाहिलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

उपचारांविषयी पुढे पुष्कळ रंगवून सांगितलं गेलं. अस्तोर्गाचा बिशप सांपिरो याच्या बखरीत फक्त एक ओळ आहे: राजा फार स्थूल होता, मुसलमानांनीच वनस्पती आणली आणि त्याच्या पोटावरची चरबी उतरवली. एवढंच.

किंमत होती दहा किल्ले. खलिफाच्या फौजेने ९५९ मध्ये झामोरा शहर घेतलं, ९६० मध्ये सांचो लिओनच्या गादीवर परतला. पुढच्याच वर्षी खलिफा वारला आणि सांचोने किल्ले द्यायचं टाळलं. मला हे खटकतं. ज्या आजीने शब्द टाकून गादी मिळवून दिली, तिच्या शब्दाची त्याने बूज राखली नाही. तेव्हा ओर्दोन्यो स्वतःच नव्या खलिफाकडे, दुसऱ्या हकमकडे गेला आणि कोर्दोबाजवळच्या मदीनात अझ-झहराच्या महालात त्याने गुडघे टेकले. कोर्दोबातच तो मेला.

सांचोचा शेवट ९६६ मध्ये झाला. गॅलिशियातल्या एका बंडखोर सरदाराने विष घातलेलं सफरचंद दिलं, असं सांपिरो सांगतो. सांचो आधी कोर्दोबाकडे तिथे मारल्या गेलेल्या ख्रिस्ती हुतात्म्याचे, संत पेलायोचे, अवशेष मागत होता. ते पुढच्या वर्षी लिओनला पोचले, तेव्हा तो नव्हता.

मागे राहिला पाच वर्षांचा मुलगा, तिसरा रामिरो. कारभार हाती घेतला सांचोच्या बहिणीने, एल्विराने. ती लिओनच्या मठात जोगीण होती, आणि पुढची जवळजवळ नऊ वर्षं राज्य तिने सांभाळलं. पोराची ती आत्या.