फळावरची माशी नेमकी कोणती?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. फळाभोवती घोंगावणाऱ्या प्रत्येक माशीला आपण सरसकट 'फळमाशी' म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो.

आंबलेल्या फळावर घिरट्या घालणारी, जेमतेम 2-3 मिलिमीटरची, लाल डोळ्यांची माशी ती ड्रोसोफिला. बहुतेक वेळा ती मागाहून आलेली असते. फळ आधीच फुटलेले किंवा डंखलेले असते. अपवाद ड्रोसोफिला सुझुकीचा. तिच्या मादीची अंडनलिका दातेरी असते, म्हणून मऊ फळाची चांगली सालही ती कापते. नराच्या पंखावर टोकाशी काळा ठिपका असतो, पण तसा तो इतर काही जातींतही दिसतो. तेव्हा भिंगाखाली पुढचा पाय बघा: पावलाच्या पहिल्या दोन पेरांवर काळ्या केसांची एकेक फणी असेल तरच सुझुकी समजा.

बॅक्ट्रोसेरा गटातली फळमाशी 5 ते 8 मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या रंगरूपाची. यातल्या डोर्सालिस जातीची पाठ बहुधा काळपट, दोन्ही कडांना एकेक पिवळा पट्टा, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. झोनाटा ही दुसरी जात तांबूस, पंखाच्या टोकाशी सुटा तपकिरी ठिपका. काकडीवर्गीय पिकांवरच्या माशीच्या पाठीवर मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो. हा पट्टा आवर्जून शोधा, कारण सापळ्यातले आमिष त्यावर ठरते. डोर्सालिस आणि झोनाटाचे नर मिथाइल युजेनॉलकडे येतात, काकडीवरच्या माशीचे नर क्यू ल्युअरकडे. चुकीचे आमिष लावले तर सापळा रिकामा राहतो आणि 'माशी नाही' असा गैरसमज होतो. या आमिषांना माद्या जवळपास येतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

मादीही हवी असेल तर किडके फळ जाळीच्या झाकणाच्या डब्यात, 4-5 सेंटिमीटर ओलसर वाळूवर ठेवा. बॅक्ट्रोसेराची पूर्ण वाढलेली अळी अंग मुडपून टुणकन उडी मारते आणि वाळूत जाऊन कोष करते. ड्रोसोफिलाची अळी उडी मारत नाही. तिच्या कोषाला पुढे दोन बारीक शिंगे असतात. वाळू ठिबकेपर्यंत भिजवू नका, कोष कुजतात.

माशी बाहेर पडली की लगेच मारू नका. कोवळ्या माशीचा रंग फिका असतो, पट्टे उमटलेले नसतात. साखरपाणी देऊन 3-4 दिवस जगवा, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाका. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला: पीक, ठिकाण, तारीख, आमिष. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.