गाळात खरकटं मिसळताना (लघुमाहितीपट, निवेदन)

(दृश्य: पहाट, आयर्विन पूल, कृष्णेचं पात्र)
कृष्णेचं पाणी सांगलीच्या घराघरांतून फिरून सांडपाणी होतं. ते शुद्ध करताना तळाशी बसतो तो हा काळा गाळ. त्यात खरकटं मिसळून बंद टाकीत कुजवलं की चुलीसाठी जळणारा वायू मिळतो.

(दृश्य: खरकटं निवडणारे हात)
मंगल कार्यालयं आणि खानावळींतलं खरकटं आधी निवडायचं. एका पिंपातून काय काय निघतं बघा: प्लॅस्टिकचे चमचे, हाडं, नारळाची शेंडी. शेंडी पंपाच्या पात्याला गुंडाळली की पंप बंद. अंड्याची टरफलं कुजत नाहीत, वाळूसारखी तळाशी साचून टाकीची जागा खातात. या टेबलापाशी घाई नको.

500 किलो खरकटं तेवढ्याच पाण्यात दळलं की साधारण एक घनमीटर लगदा होतो. त्यात तीन घनमीटर गाळ. टाकी 100 घनमीटरची, म्हणजे आजचं खाद्य सरासरी 25 दिवस आत राहतं. हवा अजिबात नको, ऊब 35 ते 37 अंश.

नुसता गाळ वायू कमी देतो. नुसतं खरकटं भरपूर देतं, पण लवकर आंबतं. तो आंबटपणा गाळ सावरून धरतो.

(दृश्य: टाकीच्या काचेतून दिसणारा फेस)
बिघडतं ते लग्नसराईत. मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी मसालेभात, जिलेबी, मठ्ठा पिंपंच्या पिंपं येतात आणि एकदम ओतली जातात. आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन, म्हणजे जळणारा वायू, करणारे मागे पडतात. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), 6.5 च्या खाली, फेस वर, ज्योत फडफडून विझते. अशा वेळी खरकटं बंद. गाळ थोडा थोडा चालू ठेवून खाण्याचा सोडा विरघळवून बेताने घालायचा. चुना भसकन टाकू नये. तो कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि टाकीतला दाब एकदम उतरतो. पीएच 7 च्या आसपास टिकला की पुन्हा खरकटं, तेही निम्म्याने.

(दृश्य: लोखंडाच्या किसाची नळकांडी)
टाकीतल्या वायूसोबत येणारा, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड इथे अडतो. तो जास्त झाला की नाक बधिर होतं, वासच येईनासा होतो. म्हणून टाकीत माणूस उतरवायचा नाही. कधीच नाही.

दिवसाला 80 घनमीटरच्या आसपास वायू, म्हणजे 19 किलोचे जवळपास दोन सिलिंडर. उरलेला गाळ कंपोस्ट करून मगच शेतात. कच्च्या खायच्या भाज्यांना नाही.

(दृश्य: निळी ज्योत, आमटीचं पातेलं. निवेदन नाही, फक्त उकळीचा आवाज.)