आवाज थांबला तरी हलायचं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

डॉक्टरांनी मुलाच्या मेंदूचा एमआरआय सांगितला, की बहुतेक घरांत मुलाला एवढंच सांगितलं जातं: "काही नाही रे, फोटो काढायचाय." मी पुण्यात एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम करते, आणि या वाक्याची मला धास्तीच असते. फोटो म्हणजे मोबाइल समोर धरला आणि झालं, एवढंच मुलाला ठाऊक. इथे त्याला वीस-पंचवीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ निजून राहायचं असतं. डोक्याभोवती जाळीदार टोप, अंगाभोवती बोगदा आणि कानाशी ठणठणाट. आपल्याला फसवलं, हे त्याच्या लगेच लक्षात येतं. मग आई कितीही शपथा घालू दे, ते पुन्हा त्या टेबलावर आडवं होत नाही.

तेव्हा खरं सांगा, पण त्याला पेलेल इतकंच. तीन-चार वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरतं. आठवडाभर आधी सांगितलंत, तर ते रोज रात्री तेच विचारत बसेल. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र दोन-तीन दिवस द्या, त्याचे प्रश्न संपू द्या. यंत्र काय करतं, हेही सांगता येतं. आत मोठं चुंबक असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट ताकदीचं. ते शरीरातल्या पाण्याकडून रेडिओ लहरींनी उत्तर काढून घेतं. हो, रेडिओच! आपल्याकडच्या पुष्कळ यंत्रांची लहर 64 मेगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे एफएमच्या पट्ट्याच्या जरा खालीच. क्ष-किरण यात अजिबात नसतात.

आवाजाचं म्हणाल, तर लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा ऐकलेली आपली पोरं मोठ्या आवाजाला बिचकत नाहीत. ती बिचकतात अचानक आवाजाला. एमआरआयचे आवाज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. ते घरी आधी हळू, मग मोठे लावा. जेवणाच्या टेबलाखाली सतरंजी अंथरून मुलाला झोपवा, आणि "स्टॅच्यू!" म्हणा. हा खेळ शिकवावा लागत नाही. नाक खाजलं तरी हात उचलायचा नाही. श्वास मात्र नेहमीसारखा घ्यायचा.

आता जी गोष्ट जवळजवळ कुणीच सांगत नाही ती. तपासणी सलग नसते. चार-पाच मिनिटं धडधड, मग शांतता, मग वेगळाच आवाज. त्या शांततेत मुलाला वाटतं, संपलं. ते मान वळवून आईला शोधतं, आणि पुढची सगळी चित्रं आधीच्या चित्रांशी जुळेनाशी होतात. म्हणून घरी सराव करताना आवाज मधेच बंद करा आणि मुद्दाम गप्प राहा. "ओव्हर" तुम्ही म्हणाल तेव्हाच. एवढं जमलेलं सहा-सात वर्षांचं मूल पुष्कळदा भुलीशिवाय तपासणी पूर्ण करतं. नाही जमलं, तर त्याला रागावू नका. भूल देणं हा काही पराभव नव्हे.

भूल द्यायची असेल तर उपाशीपोटी आणायचं असतं, आणि घोळ नेमका इथे होतो. मंचर-नारायणगावहून पहाटे निघालेलं मूल रडतं, आजीचं मन द्रवतं, चाकणपर्यंत त्याच्या हातात बिस्कीट येतं. "दूध तर पातळच की!" असंही ऐकते मी. वरचं दूध पोटात अन्नासारखंच धरलं जातं. त्यासाठी साधारण सहा तास, आईच्या दुधासाठी चार. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल, ते भूलतज्ज्ञ सांगतील. फिट्सची गोळी मात्र आपल्या मनाने चुकवू नका, आधी विचारा.

घरून निघतानाच करदोटा, वाळे, डूल, ताईत काढून ठेवा. सोबत आत येणाऱ्या आईने मंगळसूत्र आणि जोडवीसुद्धा. लहान मुलांच्या झबल्याला आतून टाचलेली सेफ्टी पिन सगळ्यांच्या नजरेतून सुटते, ती बघा. डोक्यात शंट, म्हणजे मेंदूत साचलेलं पाणी काढणारी नळी असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र असेल, किंवा मुलाने नाणं वा बॅटरी गिळल्याचा संशय असेल, तर तारीख घेतानाच सांगा. चुंबक रात्रंदिवस चालू असतं, दाराशी आल्यावर आठवून उपयोग नाही.

कधी शिरेतून औषध द्यावं लागतं. तेव्हा "सुई नाहीच" असं वचन देऊ नका. "टोचेल, मी हात धरीन" म्हणा. आणि गाठ, फिट्स, खर्च ही मोठ्यांची बोलणी मुलाच्या डोक्यावरून नकोत. त्याला सगळं ऐकू येतं.

भूल दिलेलं मूल जागं झालं, तरी काही तास पेंगुळलेलं असतं. त्याला स्कूटरवर दोघांच्या मधे बसवून सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून नेऊ नका. त्या दिवशी रिक्षा करा. नमस्कार.