वजनासाठी अॅप आधी की माणूस आधी?

नमस्कार मंडळी. आज वजनावर बोलायचंय, पण घाबरू नका, मी तुम्हाला भात सोडा, साखर सोडा असलं काही सांगणार नाहीये, ते सांगणारे घरोघरी आहेत आणि मोबाईलमध्ये तर रांग लागलीये त्यांची. मला बोलायचंय ते मदतीबद्दल. एखाद्या बाईचं, एखाद्या दादांचं वजन वाढलंय, शुगर काठावर आलीये, तर त्यांना आपल्या गावात, आपल्या वॉर्डात महिनोन्महिने सोबत करणारं कोण आहे? आणि ती सोबत मोबाईलवर देता येते का, की समोर माणूसच लागतो?

आधी आपल्या राज्याचं चित्र बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये सुमारे २१ टक्के कमी वजनाच्या निघाल्या आणि सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या. म्हणजे एकाच गल्लीत, कधीकधी एकाच घरात, एकीला अंगावर मांस धरत नाही आणि दुसरीचं पोट कमी होत नाही. म्हणून सरसकट 'वजन कमी करा' अशी मोहीम आपल्याकडे चालवणं मला धोक्याचं वाटतं. 'निरोगी वजन' म्हणावं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं हे मान्य करून कामाला लागावं.

आणि आपल्या लोकांचं अजून एक आहे, बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असतोच असं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९ टक्के आणि आपल्या याज्ञिक डॉक्टरांची २१ टक्के! म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात, २५ च्या पुढे लठ्ठपणा. आणि म्हणूनच वजनकाट्याइतकाच, माझ्या मते त्याहूनही जास्त, शिंप्याचा टेप महत्त्वाचा. बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषांची ९० च्या आत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

ही कंबर मोजायची सोय सरकारी यंत्रणेत आहे बरं का. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा एक फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का आणि कंबरेचं माप, या सगळ्याचे गुण असतात, चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं. आता त्या आशाताईचा विचार करा. गरोदर बायका, लसीकरण, सर्व्हे, कुष्ठरोग, टीबी सगळं तिच्याच गळ्यात, मानधन किरकोळ, आणि तरी ती दारोदार जाऊन टेप लावते. मोठ्या माणसाच्या कमरेला टेप लावायचा म्हणजे लाज असते, हसणं असतं, 'कशाला गं मोजतेस' असतं, हे सगळं ती सांभाळून घेते. माझा मुद्दा असा की माप घेतलं, नोंद पोर्टलवर गेली, बीपी-शुगरची गोळी सुरू झाली, पण पुढे काय? ज्याला अजून गोळीची गरज नाही, फक्त कंबर वाढलीये, त्याच्याकडे दर आठवड्याला बघणारं बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. तिथेच ही सेवा उभी राहायला हवी.

मग लोक म्हणतात अॅप काढा. काढा की, पण आधी फोन कुणाच्या हातात आहे ते बघा. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त ३३ टक्के बायकांनी सांगितलं की आम्ही कधीतरी इंटरनेट वापरलंय, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर हे आकडे वाढले असणार, पण घरात एकच स्मार्टफोन, तो मुलाच्या नाहीतर मालकांच्या खिशात, ही गोष्ट आजही तुमच्या-माझ्या ओळखीच्या घरात आहे. आणि स्वयंपाकाचं सगळं तिच्याच हातात! म्हणजे ज्या हातात तेलाची पळी त्या हातात अॅप पोचतच नाही.

साधा फोन मात्र कमी लेखू नका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने शुगर काठावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांचा दोन वर्षं अभ्यास केला, तो २०१३ ला छापून आला. अर्ध्यांना सुरुवातीला सल्ला दिला आणि सोडलं, बाकीच्यांना सल्ला तोच पण शिवाय नियमित एसएमएस, खाण्याबद्दल, चालण्याबद्दल, धीर देणारे. दोन वर्षांनी पहिल्या गटात २७ टक्के लोकांना मधुमेह झाला, एसएमएसवाल्यांमध्ये १८ टक्के. वजनात म्हणावा तसा फरक पडला नव्हता हेही सांगितलं पाहिजे, खाणं सुधारलं त्याचा उपयोग झाला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपण काट्यावरचा आकडा हलला नाही की सगळं फुकट गेलं म्हणून सोडून देतो.

आणि नुसती माणसं, फोनशिवाय? केरळात नेय्यट्टिनकरा तालुक्यात ते करून बघितलं गेलं. मतदान केंद्रांच्या हद्दीनुसार साठ वस्त्या निवडल्या, हजारावर माणसं, आणि निम्म्या वस्त्यांत तिथल्याच साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन गट चालवायला लावले, वर्षभरात पंधरा बैठका, त्याही सुट्टीच्या दिवशी, जवळच्याच जागेत. मधुमेहाच्या आकड्यात फरक पडला पण थोडा, ठामपणे सांगता येईल इतका नाही. पण भाज्या-फळं वाढली, दारू कमी झाली, तब्येतीबद्दल बरं वाटायला लागलं. गटाने लगेच चमत्कार होत नाही हे मान्य, पण तिथलीच साधी माणसं हे काम करू शकतात हे तर दिसलं ना!

इंग्लंडमध्ये २०२१ पासून त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेने डिजिटल वजन कार्यक्रम सुरू केलाय, बारा आठवड्यांचा, मोफत, जास्त वजनाबरोबर मधुमेह किंवा बीपी असलेल्यांसाठी. तिथे आपल्या वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची अट ३० ऐवजी २७.५ ठेवलीये, तुमची मुलं-नातवंडं तिकडे असतील तर त्यांना सांगा, डॉक्टर किंवा औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टही नाव पाठवू शकतो. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तीन पायऱ्या आहेत, आणि ज्या माणसाकडून कार्यक्रम अर्धवट सुटण्याची शक्यता जास्त, त्याला नुसती स्क्रीन न देता वर माणूस देतात, कोच. आपल्याकडे उलटं होतं, ज्याच्याकडे पैसे त्याला कोच आणि बाकीच्यांना फुकटचं अॅप.

मग आपल्याकडे काय करता येईल? माझं म्हणणं आहे बचत गटापासून सुरू करा. 'उमेद' या सरकारी अभियानामुळे गावोगावी गट आहेत, बैठका ठरलेल्या, हिशोबाची वही ठरलेली, एकमेकींवर विश्वास आहे. त्याच बैठकीत महिन्यातून एकदा टेप काढायचा, ज्या बाईला नको असेल तिला आग्रह नाही, आकडा मोठ्याने वाचायचा नाही, तो तिच्या वहीत. आणि एक हिशोब मात्र सगळ्यांनी मिळून करायचा, तेलाचा. चौघांच्या घरात महिन्याला किती लिटर? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात माणशी दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय, म्हणजे चौघांना महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर कुणाला काही शिकवायलाच नको, बाया आपापसात बोलतील, कुठली भाजी कमी तेलात होते, शेंगदाण्याचं कूट किती घालायचं, सासऱ्यांना तर्री लागतेच त्याचं काय करायचं. चहाचंही तसंच, दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे चाळीस ग्रॅमच्या पुढे साखर, जागतिक आरोग्य संघटना म्हणते शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा.

फोनचं काम यात मागाहून येतं. बैठकीची आठवण, आठवड्याला एक आवाजी निरोप, वाचता येत नसलं तरी ऐकता येईल असा, आणि तो पुण्या-मुंबईच्या पुस्तकी मराठीत नको, वऱ्हाडात वऱ्हाडी, कोकणात तिकडची बोली. अॅप करणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, कॅलरी विचारू नका, वाटी, पळी, चतकोर भाकरी अशी मापं ठेवा, उपासाची साबुदाणा खिचडी आणि ऊसतोडीच्या दिवसातलं जेवण यादीत असू द्या. आणि बाईच्या वजनाची माहिती कुणाला दिसणार हे तिला आधी स्पष्ट सांगा, ती माहिती वजन कमी करायची पावडर विकणाऱ्यांच्या हातात जाता कामा नये. या पावडरी आणि आता वजनाची इंजेक्शनं, दोन्हीच्या जाहिराती गावापर्यंत आल्यात. इंजेक्शन हे औषध आहे, काहींना त्याची खरंच गरज असते, पण ते डॉक्टरने तपासून द्यायचं, शेजारणीचं बघून घ्यायचं नाही.

तुमच्यापैकी कुणाला आजच सुरू करायचं असेल तर सकाळी काही खाण्याआधी, सरळ उभं राहून, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, पोट आत ओढू नका, श्वास सोडून झाल्यावर आकडा बघा. तो ८० किंवा ९० च्या वर असेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन बीपी आणि शुगर तपासून घ्या, जुने कागद असतील तर बरोबर न्या, आणि येताना तिथल्या ताईंना विचारा की आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला टेप घेऊन याल का.